पडदाताईंची दुसरी खुर्ची

बातम्यांच्या वाहिनीत नोकरी करते म्हटलं की लोक आधी डोळे मोठे करतात आणि मग चेहरा निरखू लागतात. "पण तुम्ही कधी दिसत नाही!" असं हमखास म्हणतात. पडदाताईंचं उत्तर ठरलेलं असायचं. "मी दिसत नाही आणि दुसऱ्यालाही दिसू देत नाही. त्याचाच तर पगार मिळतो."

काम तसंच होतं. अपघात, आग, दंगल आणि आता सीमेपलीकडचं युद्ध, जिथून म्हणून चित्रण यायचं ते आधी त्यांच्या खोलीत यायचं. रक्त, जखमा, पडलेली माणसं जिथे दिसतील तिथे धुक्याचा एक ठिपका बसवायचा आणि मगच ते बातम्यांत सोडायचं. कचेरीत याला 'पडदा टाकणं' म्हणायचे आणि म्हणून त्या पडदाताई. त्यांचं खरं नाव फक्त पगार देणाऱ्याला ठाऊक होतं, आणि तोही ते चुकीचं लिहायचा.

त्याआधी बरीच वर्षं त्या लग्नाच्या चित्रफिती कापायच्या. जेवताना आ वासलेले मामा, कॅमेऱ्याकडे पाठ करून बसलेली रुसलेली आत्या, नवरदेवाच्या मागे निवांत नाक कोरणारा चुलतभाऊ, या सगळ्यांना घरच्या इतिहासातून अलगद वगळायचं. माणसाची अब्रू झाकायची सवय आपल्याला तिथेच लागली, असं त्या सांगत. लोक हसत, आणि हसले की पुढचं विचारत नसत.

पुढचं असं होतं. ताई शाळेत होत्या तेव्हा त्यांचे वडील भर रस्त्यात ट्रकखाली गेले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, जसाच्या तसा. शेजाऱ्यांनी तो पेपर घरापर्यंत येऊ दिला नाही. पण पेपर काय, शिळा झाला की रद्दीत जातो आणि रद्दीतून दुकानात. काही महिन्यांनी आईनं साखर आणली, पुडी सोडून डब्यात ओतली आणि रिकामा कागद सरळ केला. मग त्याची नीट घडी घातली आणि ती घडी हातात धरून संध्याकाळपर्यंत ओट्यापाशी बसून राहिली. त्या दिवशी घरात दिवा लावायचं कुणाला सुचलं नाही. आई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली, पण कागदात बांधलेली साखर तिनं पुन्हा घरात येऊ दिली नाही.

तेव्हा पडदाताईंच्या पडद्याला इतकं मोठं अस्तर होतं. ते त्या कुणाला उलटून दाखवत नसत.

त्यांची खोली तळमजल्यावर जिन्याखाली होती. चित्रण बघायचा एक पडदा, एक टेबल, कुंडीतलं एक हट्टी रोप आणि एकच खुर्ची. दुसरी पूर्वी होती. पण "आज काय आलंय ताई?" म्हणत कुणी ना कुणी चहाचा कप घेऊन तिच्यावर येऊन बसायचं, आणि बसणाऱ्याच्या डोळ्यांत जे चमकायचं ते ताईंना आवडायचं नाही. एक दिवस त्यांनी ती खुर्ची स्वतःच्या हातानं बाहेर नेऊन ठेवली. "ज्याला तमाशा बघायचाय त्यानं उभ्यानं बघावा. पाय दुखले की आपोआप जातो." त्यानंतर खोलीत गर्दी झाली नाही.

कचेरीत त्यांचं एकाच माणसाशी कायम वाजायचं, आणि तो म्हणजे दाढीवाला. हा युद्धावरून बातम्या पाठवायचा, आणि अधूनमधून विश्रांतीला आला की विश्रांती सोडून सगळं करायचा. त्या आठवड्यात तो आलेला होता आणि सकाळच्या बैठकीत आल्या आल्या त्यानं सुरुवात केली.

"ताई, तुम्ही युद्ध असं झाकता की बघणाऱ्याला वाटतं, तिकडे नुसतं धुकं पडलंय. बघू द्या ना लोकांना! घास घशाखाली उतरला नाही तरच कुणीतरी म्हणेल, बास करा म्हणून."

"आणि जे पडलेत त्यांना विचारलंस?"

"ते मेलेत, ताई."

"म्हणूनच विचारता येत नाही. आणि विचारता येत नसेल तर झाकावं."

"अहो, पण झाकून झाकून लोकांना सवय झालीय. चहा पिता पिता बघतात."

"उघडं दाखवलंस तर त्याचीही सवय होईल. बिस्किटं बुडवून बघतील."

दोघांनी संपादकांकडे पाहिलं. संपादकांना सगळे थोरले म्हणत. थोरल्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि म्हणाले, "दोघांचंही बरोबर आहे." निर्णय नको असला की माणूस असंच म्हणतो. त्यामुळे नियम होता तसाच राहिला, आणि तो नियम बऱ्याच वर्षांपूर्वी ताईंनीच घालून दिलेला होता. पडलेलं माणूस दाखवायचं नाही, आणि मूळ चित्रण त्या खोलीबाहेर कुणालाही, अगदी कुणालाही, बघू द्यायचं नाही.

त्याच दिवशी दुपारच्या बातम्यांआधी एक चित्रण आलं. बाजाराचा रस्ता, तोफगोळ्यानं उडालेली दुकानं, आणि एका भिंतीच्या कडेला ओळीनं पडलेली माणसं. ताईंनी पडदा टाकला. या कामात दोन प्रकार असतात. माणूस स्ट्रेचरवरून नेत असतील तर ठिपका त्याच्याबरोबर इंचाइंचानं सरकवावा लागतो आणि मान मोडून येते. माणूस पडलेला असेल तर ठिपका एकदा बसवला की झालं. मेलेला हलत नाही, त्यामुळे त्याचं काम सोपं, असं एकदा त्या बोलूनही गेल्या होत्या आणि मग स्वतःचीच त्यांना लाज वाटली होती. पण खोटं नव्हतं ते. त्यांनी ठिपके बसवले आणि चित्रण सोडून दिलं.

बातम्या लागल्या आणि कचेरीतले फोन वाजायला लागले. ठिपक्याच्या कडेतून एक हात दिसला होता. क्षणभरच, पण दिसला. "आमची मुलं जेवत होती," एक बाप ओरडला. थोरले जिना उतरून खोलीपाशी आले. ते रागावत नसत, दुखावल्यासारखे बघत, आणि ते जास्त झोंबायचं.

"ताई, तुमच्याकडून असं?"

"घसरला पडदा. माझीच चूक," ताई म्हणाल्या. या धंद्यात पडदा घसरला की चूक पडदा टाकणाऱ्याची, त्यात तपासायचं काय? त्यांनी चित्रण परत उघडून पाहिलंसुद्धा नाही. संध्याकाळच्या बातम्यांसाठी ठिपका वाढवला, इतका की हाताचं सोडा, त्या बाजूची अर्धी भिंत गडप झाली.

घरी गेल्या तर सासूबाई वाटच बघत होत्या. सासूबाईंना गुडघे नव्हते, कान अर्धे होते, पण बातम्या एकही चुकत नसे.

"अगं, दुपारी हात दिसला मला. आणि संध्याकाळी काहीच दिसेना. मी आपली चष्मा पुसत बसले."

"चुकलं माझं, आई."

"चुकलं ते चुकलं. पण तो हात बघून मला वाटलं, कुणाला तरी बोलावतोय."

"मेलेलं माणूस बोलावत नाही, आई." ताई जरा तोडूनच बोलल्या. पटलं नाही की सासूबाई ओठ मुडपत, तसे त्यांनी मुडपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावरून निरोप आला की एक बाई येऊन बसल्यात, कालचा हात ज्यानं दाखवला त्याला भेटायचं म्हणतायत, हलायला तयार नाहीत. थोरल्यांनी ताईंना बोलावलं. "तुम्हीच जा. समजूत घालून पाठवा. तुम्हाला जमतं."

बाई फाटकाशेजारच्या बाकावर बसलेल्या होत्या. वय फार नव्हतं. हातांना साबणाचा आणि इस्त्रीचा वास. एका हॉटेलच्या धुलाईखान्यात त्या चादरींना इस्त्री करायच्या. युद्ध लागलं तेव्हा सीमा ओलांडून आल्या होत्या. भाऊ मागे राहिला होता.

"या म्हटलं, तर म्हणतो भिंत अर्धी झालीय, पुरी करून येतो," त्या सांगू लागल्या. "गवंडी आहे. जगाचं काही होवो, याला भिंतीची पडलेली. महिना झाला, फोन नाही, निरोप नाही. आणि काल कामावर टीव्ही चालू होता, तर तो हात दिसला. ताई, माझा भाऊ घड्याळ असं घालतो." त्यांनी स्वतःचा पंजा उलटा करून मनगटाची आतली बाजू दाखवली. "तबकडी आत. सिमेंट लागू नये म्हणून. त्या हातावर घड्याळ होतं. आत का बाहेर ते मला दिसलं नाही, तेवढ्यात गेलं. संध्याकाळी बघायला बसले, तर तुम्ही झाकून टाकलंत. मला एकदा बघू द्या."

ताईंनी मान हलवली. त्या कठोर नव्हत्या, पण या बाबतीत त्यांचं ठरलेलं होतं. "नका बघू. माझं ऐका. एकदा बघितलं की ते डोळ्यांतून जात नाही." आणि मग, कधी नव्हे ते, त्यांनी साखरेच्या पुडीची गोष्ट सांगितली. परक्या बाईला, फाटकापाशी, रखवालदार ऐकत असताना. का सांगितली ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. "माझ्या आईचं काय झालं ते मी पाहिलंय. तुमचं तसं होऊ नये, म्हणून नाही म्हणते."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. डोळे भरले, पण त्या ताईंच्या आईसाठी भरले होते हे दिसत होतं. मग म्हणाल्या, "ताई, तुमच्या आईला कुणी विचारलं नव्हतं. साखर सोडताना समोर आलं. मी मागायला आलेय. मला विचारा ना."

इतक्या वर्षांत पडदाताईंनी दाखवायचं की झाकायचं यावर बैठकाच्या बैठका भांडून काढल्या होत्या. आणि ज्याचं माणूस आहे त्याला विचारायचं, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं, दाढीवाल्याच्याही नाही आणि थोरल्यांच्या तर नाहीच.

त्या तडक वर गेल्या. "सर, मी त्यांना मूळ चित्रण दाखवणार आहे."

थोरले खुर्चीत सरळ झाले. "ताई, नियम आहे. एकीला दाखवलं तर उद्या रांग लागेल."

"नियम कुणी केला?"

"तुम्हीच केलात."

"मग मीच मोडते."

थोरल्यांनी चष्मा काढून हातात धरला. मग हळू म्हणाले, "दाखवा. फक्त मला बोलावू नका. इतकी वर्षं झाली, मी एकही मूळ चित्रण पाहिलेलं नाही. मला बघवत नाही." ताईंना त्यांची कीव आली आणि थोडा आदरही वाटला. कबूल करायला छाती लागते.

बैठकीच्या खोलीतली एक खुर्ची ताईंनी स्वतः उचलून जिन्याखाली आणली आणि आपल्या खुर्चीला लावून ठेवली. बाई बसल्या. ताईंनी आधी पूर्ण चित्रच धुक्यानं झाकलं आणि मग त्यात हाताएवढी खिडकी उघडली.

"आधी फक्त हात. त्यापुढे तुम्ही म्हणाल तेवढंच, म्हणाल तेव्हाच. थांबा म्हटलंत की थांबवते."

बाईंनी मान डोलावली.

हात आला. मनगट वळलेलं, धुळीनं पांढरं. घड्याळ होतं. तबकडी आत.

"हाच," बाई म्हणाल्या. त्या रडल्या नाहीत. टेबलाची कड धरून बसल्या. "परत लावा."

ताईंनी परत लावलं. बाई हाताकडे बघत होत्या आणि ताई, सवयीनं, खिडकीच्या कडेकडे. आपला पडदा नेमका कुठे घसरला ते त्यांना बघायचं होतं. हाताशेजारी एक बूट उलटा पडला होता. कॅमेरा हलला असेल तर हाताबरोबर बूटही हलायला हवा. ताईंनी पुन्हा लावलं. बूट जागच्या जागी होता. भिंतीची कड जागच्या जागी होती. हात मात्र थोडा पुढे सरकला, दोन बोटं मिटली आणि सैल पडली.

पडदा घसरलेला नव्हता. हात सरकला होता.

एक जिवंत माणूस त्यांनी मेलेला म्हणून झाकला होता. तो हलला म्हणून लोकांनी तक्रार केली, तर त्याला आणखी मोठ्या पडद्याखाली घातला होता. सासूबाईंना जुन्या चष्म्यातून जे दिसलं ते त्यांना दिसलं नव्हतं, कारण त्यांनी बघितलंच नव्हतं. त्यांना स्वतःचाच राग आला.

"ऐका," त्या म्हणाल्या आणि बाईंचा हात धरला. "हे बघा, बोटं. काल हे चित्रण घेतलं तेव्हा हा जिवंत होता. आज आहे का, मला माहीत नाही. खोटी आशा देत नाही. एवढं मात्र नक्की, काल जिवंत होता."

बाईंनी बोटं मिटताना पाहिली. मग पुन्हा पाहिली. मग म्हणाल्या, "तो असंच करतो. विटेचा अंदाज घेताना."

दाढीवाल्याला बोलवायला ताई धावतच गेल्या. वाद घालायला तो जितका तत्पर, त्याहून फोन करायला. ज्यानं ते चित्रण घेतलं तो कॅमेरावाला अजून तिकडेच होता. त्याला हाताचं आणि घड्याळाचं तेवढं चित्र पाठवलं. तिकडून कळलं की चित्रण संपल्यावर रुग्णवाहिका आली होती आणि ज्यांच्यात धुगधुगी होती त्यांना एका शाळेत नेलं होतं, तिथे आता दवाखाना होता. "जातो आणि बघतो," कॅमेरावाला म्हणाला आणि फोन बंद झाला.

मग वाट बघणं. बाईंना रिकामं बसवेना. त्यांनी खुर्चीच्या पाठीवरची ताईंची शाल घेतली, तिची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. इतकी नेटकी घडी त्या शालीनं जन्मात पाहिली नव्हती. थोरले दोनदा दारात येऊन परत गेले. तिसऱ्यांदा चहा ठेवून गेले. दाढीवाला जिन्याच्या पायरीवर फोन हातात धरून बसला होता.

दुपार कलताना फोन आला. शाळेत एक माणूस होता. कागदपत्रं नाहीत, नाव कुणाला माहीत नाही, एक पाय मोडलेला, डोक्याला मार, कालपर्यंत शुद्ध नव्हती. घड्याळाची तबकडी आत. आता जागा होता. कॅमेरावाल्यानं फोन त्याच्या कानाशी धरला.

बाई फोनवर नुसत्या "मी आहे, मी आहे" म्हणत राहिल्या. पलीकडून घोगरा, तुटक आवाज आला आणि खोलीतल्या सगळ्यांनी तो ऐकला.

"ताई... भिंत उभी आहे का?"

"मेल्या!" बाई इतक्या जोरात ओरडल्या की वरच्या मजल्यापर्यंत गेलं. "तुझी भिंत गेली खड्ड्यात!" आणि मग त्या रडल्या. महिनाभराचं एकदम. पडदाताईंनी त्यांना जवळ घेतलं आणि त्याही रडल्या, आणि दाढीवाला दाढीत तोंड लपवायला बघत होता पण दाढी पुरत नव्हती.

भिंत खरं तर उभी होती. ती माणसं तिच्याच आडोशाला पडली होती.

संध्याकाळी अर्थातच प्रश्न उभा राहिला. दाढीवाल्याला सगळं उघडं दाखवायचं होतं. "आता तरी! अख्खी ओळ दाखवा, म्हणजे कळेल लोकांना!" थोरल्यांच्या डोळ्यांतही बातमीची चमक आलेली होती. ताई म्हणाल्या, "विचारू या." विचारलं. गवंड्यानं बहिणीकरवी कळवलं की हात दाखवायला हरकत नाही, चेहरा नको, दाढी फार वाढलीय. बाकीच्या ओळीतल्यांना विचारणं शक्य नव्हतं, त्यांच्यावर पडदा राहिला. त्या दिवशीच्या बातम्यांत एक हात दिसला, उघडा, घड्याळासकट, बोटं मिटताना. खाली एक ओळ होती, की आपलं माणूस शोधणाऱ्यांनी यावं, दाखवू.

रात्री जेवताना सासूबाईंचे मुडपलेले ओठ सुटले होते. भांडी आवरताना ताईच म्हणाल्या, "आई, तुमचं बरोबर होतं."

"मग! चष्मा नवा आणून दे म्हणजे आणखी बरोबर होईल."

थोरल्यांची भीती खरी ठरली, रांग लागली. ती आणलेली खुर्ची परत गेलीच नाही. तिच्यावर बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या नशिबी हलणारी बोटं नव्हती, हे सांगायला हवं. काहींनी बघितलं, ओळखलं आणि आभार मानून गेले, कारण वाट बघणं संपलं होतं. काही दारापर्यंत येऊन नको म्हणाले आणि ताईंनी त्यांना चहा पाजून पाठवलं. पण तिथे बसलेल्या प्रत्येकाला आधी विचारलं गेलं, आणि शेजारी कुणीतरी होतं. बहिणीनं पुढे भावाला इकडे आणलं. तो कुबडी घेऊन जिन्याखाली आला, खोलीची भिंत ठोकून पाहिली आणि ओल आहे म्हणाला.

पडदाताई अजूनही पडदा टाकतात. फक्त आता ठिपका बसवून सोडून देत नाहीत. प्रत्येक चित्रण आधी उघडं, शेवटापर्यंत बघतात. प्रत्येक पडलेल्या माणसाकडे वेगवेगळं. परवा दाढीवाला दारात उभा राहून बराच वेळ बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "ताई, इतका वेळ काय बघता? हलत नाहीत ते."

"नाही हलले तर नाही," ताई पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "पण कुणीतरी बघितलं पाहिजे ना, शेवटापर्यंत." आणि पायानं दुसरी खुर्ची त्याच्याकडे सरकवली. "बस. दोन डोळे एकदा चुकलेत. चार असलेले बरे."

तो बसला.